कान मुडपायची सवय

फोनवर कुणी लांबण लावलं की माझा रिकामा हात आपोआप दुसऱ्या कानावर जातो. कान पुढे मुडपायचा, सोडायचा, तो टुण्णकन जागेवर. परत मुडपायचा. तुमच्यातल्या निम्म्यांना ही सवय असणार, बाकीचे कबूल करत नाहीत एवढंच. तर परवा दुपारी पलीकडून कुणाच्या तरी लग्नातल्या रुसव्याफुगव्यांचा साग्रसंगीत वृत्तांत चाललेला आणि मला एकदम वाटलं, अरे हा कान इतक्या वर्षांत एकदाही सैल कसा पडला नाही?

लवचिक कूर्चा, म्हणजे कानाच्या आतला तो वाकणारा, हाडापेक्षा मऊ सांगाडा. शब्द आठवला आणि त्याच्यामागोमाग अख्खा नववीचा वर्ग आला.

सरांनी फळ्यावर चार चौकोन काढलेले, ऊतींचे, म्हणजे एकत्र मिळून एक काम करणाऱ्या पेशींच्या गटांचे: अभिस्तर ऊती, संयोजी ऊती, स्नायू ऊती, चेता ऊती. आमच्या बाकामागे एक मुलगा बसायचा, त्याला कान हलवता यायचे, दोन्ही, वेगवेगळेसुद्धा, आणि सर फळ्याकडे वळले की त्याचा प्रयोग सुरू व्हायचा. त्या दिवशी कुणीतरी फिसकन हसलं. सर शांतपणे आले, त्याचा कान धरला, आणि न थांबता "संयोजी ऊतीचं कार्य सांगा" म्हणत पिळला. आता वाटतं, त्या एका पिळात चारही चौकोन हजर होते की! वरची त्वचा, आतली कूर्चा, कान हलवणारे ते तीन छोटे स्नायू (सगळ्यांना असतात, वापरता येतात थोड्यांनाच) आणि बोंब मारायला चेता. एवढा आयता नमुना हातात असून सर चौकोनच रंगवत राहिले.

त्या चौकोनांवर माझा तेव्हापासून राग आहे, खरं तर एकाच चौकोनावर. अभिस्तर म्हणजे आवरण, अस्तर, समजलं. स्नायू आकुंचन पावतात, चेता निरोप नेतात, तेही समजलं. पण संयोजी? त्यात हाड, त्यातच रक्त, त्यातच चरबी, कूर्चा, स्नायुबंध, सगळी खिचडी. फॉर्मवर शेवटी 'इतर' असा रकाना असतो ना, तसला प्रकार. यावर उत्तर असं देतात की या सगळ्यांत पेशी एकमेकींपासून दूर दूर असतात आणि त्यांच्यामधला भराव महत्त्वाचा, हाडात तो कॅल्शियमचे क्षार बसून कडक झालेला, रक्तात पातळ. बरं बाबा, पण म्हणून हाड आणि रक्त एका घरचे? मला अजून नीट पटलेलं नाही.

बिशा नावाचा फ्रेंच डॉक्टर होता, त्याने 1800 च्या सुमारास शरीरातल्या ऊतींचे 21 प्रकार सांगितले. आणि मायक्रोस्कोप न वापरता! त्याचा त्यावर विश्वासच नव्हता. मृतदेहातले तुकडे घ्यायचे, उकळायचे, वाळवायचे, कुजवायचे, आम्लात टाकायचे, आणि कोण कसं वागतं ते बघायचं. 1802 साली तिसाव्या वर्षी गेलासुद्धा. त्याच्या 21 चे पुढे चार झाले, परीक्षेला सोपे पडले असतील.

पण हे 'इतर'वाले चिवट आहेत हं. हार्ट अटॅकमध्ये हृदयाचा स्नायू मेला की तो जवळजवळ परत येतच नाही, त्या जागी हेच येऊन बसतात, व्रण होऊन. आकुंचन पावता येत नाही, धडधडता येत नाही, फक्त जागा फाटू न देता धरून ठेवायची. खोल जखम कुठेही होऊ दे, कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे धागे घेऊन हजर. आणि आपण म्हणतो जखम भरली, विषय संपला.

तो संपलेला नसतो. व्रणातलं कोलॅजेन सतत मोडत असतं आणि सतत नवं बनत असतं, आणि ते धड बनायला क जीवनसत्त्व लागतं. 1740 साली निघालेल्या अ‍ॅन्सन या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याच्या जहाजांवर स्कर्व्हीने, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगाने, माणसं पटापट मेली, त्या प्रवासाच्या वृत्तांतात एका म्हाताऱ्या खलाशाची नोंद आहे. 1690 च्या आयर्लंडमधल्या बॉइनच्या लढाईत त्याला झालेल्या जखमा पन्नास वर्षं व्यवस्थित भरलेल्या होत्या. त्या परत उघडल्या, अशा, की जणू कधी भरल्याच नव्हत्या.