खिद्रापूरचा कोपेश्वर: निवांत वेळ काढूनच जा

कोल्हापूरला येणारे बहुतेक जण अंबाबाई, रंकाळा, पन्हाळा करून परततात. शिरोळ तालुक्याच्या पार टोकाला, कृष्णाकाठच्या खिद्रापुरातल्या कोपेश्वराच्या देवळात फार थोडे पोहोचतात. अंतर साठेक किलोमीटर. आम्ही नरसोबाच्या वाडीला दत्तदर्शन करून कुरुंदवाडमार्गे गेलो. शेवटचा टप्पा उसाच्या फडांमधून जातो. गळीत हंगामात समोरून ट्रॅक्टर-ट्रॉल्या येत असतात, तेव्हा वेळेचा हिशेब सैल ठेवा.

देवळात शिरल्याशिरल्या पहिला येतो तो स्वर्गमंडप. गोलाकार, चहूबाजूंनी मोकळा, एकूण ४८ खांब. छताच्या मधोमध सुमारे १३ फूट व्यासाचं गोल आकाश उघडं ठेवलंय आणि बरोबर त्याच्याखाली तेवढ्याच आकाराची अखंड शिळा. त्या शिळेवर उभं राहून वर पाहावं. झरोक्याच्या कडेने कोरलेले थर, त्याखाली बारा खांबांचं वर्तुळ आणि अष्टदिक्पाल आपापल्या वाहनांसह. आम्ही पोहोचलो तेव्हा उन्हाचा कवडसा शिळेच्या कडेशी होता आणि बघता बघता आत सरकत होता. ते पाहायला तरी थांबाच. कार्तिकी पौर्णिमेच्या रात्री चंद्र या झरोक्यावर येतो. त्या दिवशी गर्दी गृहीत धरून जा.

सभामंडपात एकदम अंधार लागतो. डोळे सरावेपर्यंत थांबा, जवळ टॉर्च ठेवा. खांब घोटून इतके गुळगुळीत केलेत की काळ्या बेसॉल्टवर उजेड चमकतो. गाभाऱ्यात कोपेश्वर म्हणजे शिव आणि शेजारी धोपेश्वर म्हणजे विष्णू. नंदी मात्र नाही. दक्षाच्या यज्ञाला सती नंदीवर बसून गेली, ती परतलीच नाही. संतापलेल्या शंकराला शांत करायला विष्णू आले, अशी कथा गावात सांगतात. तो नंदी कर्नाटकातल्या यडूरला आहे.

खरी गंमत बाहेर आहे आणि लोक तीच चुकवतात. दर्शन झाल्यावर बाहेरून पूर्ण फेरी मारा. पायथ्याशी हत्तींची रांग आहे, जणू त्यांनीच देऊळ पाठीवर तोललंय. एकेका हत्तीपाशी वाका: गळ्यातल्या घंटा, पाठीवर बसलेले देव, सगळं सुटं सुटं दिसतं. अनेकांच्या सोंडा तुटल्या आहेत, मूर्तींचे चेहरे फोडलेले आहेत. ते बघून जीव हळहळतो. म्हणूनच सांगते, कोरीवकामाला हात लावू नका, मुलांना हत्तींवर बसवून फोटो काढू नका. दक्षिण दाराजवळचा यादव राजा सिंघणाचा शके ११३६ चा शिलालेखही शोधा. मंदिराचं काम मात्र त्याआधीचं, शिलाहारांच्या काळातलं.

किमान दोन-तीन तास हाताशी हवेत. उन्हाळ्यात फरशी भाजते आणि चपला बाहेर काढाव्या लागतात, त्यामुळे सकाळीच या. पावसाळ्यात कृष्णेला पूर आला की इकडचे रस्ते बंद होतात; निघण्यापूर्वी चौकशी करा. गाव लहान आहे, जेवण वाडीत किंवा कुरुंदवाडला उरकलेलं बरं. वाडीची बासुंदी आणि कंदी पेढे परतीच्या वाटेवर घ्या. एसटीने येणार असाल तर उतरतानाच परतीच्या गाडीची वेळ कंडक्टरला विचारून ठेवा. आणि गावातलं जुनं जैन मंदिर जवळच आहे, कोरीवकाम सुंदर आहे, तेही बघूनच निघा.