बेल्ट की चेन: करूळ घाटाने खाली, फोंडा घाटाने वर

माझी 150 सीसीची मोटारसायकल आता बदलायला आली आहे आणि नवीन गाडी मागचे चाक बेल्टने फिरणारी घ्यावी की चेनने, यावर आमच्या घरात गेले काही महिने चर्चा चालू आहे. माझ्या साडूंनी गेल्या वर्षी विजेवर चालणारी, बेल्टची मोटारसायकल घेतली आणि तेव्हापासून चेनला तेल घालण्याची कटकट आपल्या आयुष्यातून कायमची गेल्याचे ते भेटेल त्याला सांगतात. कोल्हापुरात फुलेवाडी ते शिरोली एवढेच ज्याचे रोजचे जाणे-येणे आहे, त्याला त्यांचे म्हणणे पटावे असेच आहे. मला मात्र महिन्यातून दोनदा कोकणात उतरावे लागते. म्हणून श्रावणातल्या एका शनिवारी आम्ही दोघे आपापल्या गाड्या घेऊन निघालो. कळे, गगनबावडा, करूळ घाट, वैभववाडी, तळेरे आणि कणकवली, तेथे मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी फोंडा घाट, दाजीपूर व राधानगरीमार्गे परत, असा सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपासचा हा फेरा होता.

पावसाळ्यात या वाटेने जाणाऱ्याने निघण्याआधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी पाहावी. 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी, हे कोल्हापुरात शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण पंचगंगेला पाणी चढू लागले की गगनबावड्याच्या रस्त्यावर मांडुकलीजवळही पाणी येते, हे बाहेरून येणाऱ्याच्या लक्षात राहत नाही. करूळ घाट चालू आहे का, याचीही चौकशी करावी. तो बंद असेल तर गगनबावड्याहूनच भुईबावडा घाट उतरता येतो.

बेल्ट म्हणजे येथे स्कूटरच्या इंजिनाशेजारी डब्यात फिरणारा, घर्षणावर चालणारा व्ही आकाराचा पट्टा नव्हे. मागच्या चाकाला ओढणाऱ्या या बेल्टला आतून दाते असतात आणि त्याच्या पोटात कार्बन किंवा ॲरामिड या चिवट कृत्रिम धाग्याचे न ताणले जाणारे दोरे असतात. आपल्याकडे पेट्रोलवरच्या लहान मोटारसायकलींत तो जवळजवळ दिसत नाही. तो दिसतो हार्ले-डेव्हिडसनच्या गाड्यांवर किंवा विजेच्या गाड्यांवर. विजेच्या मोटारीला स्वतःचा आवाज फारसा नसल्याने चेनची खळखळ तेथे लगेच कानात भरते, हेही त्यामागचे एक कारण आहे.

गगनबावड्यापर्यंत धुके आणि बारीक पाऊस होता, आणि तेथवर साडूंची गाडी निर्विवाद सरस ठरली. सुरुवात करताना धक्का नाही, वेग कमी-जास्त करताना मागून खडखडाट नाही, पँटवर तेलाचे शिंतोडे नाहीत. माझ्या उघड्या चेनवर मात्र पहाटेच घातलेले तेल पावसाने धुऊन निघाले, आणि घाट उतरून तांबड्या मातीच्या रस्त्याला लागल्यावर जांभ्याची रेव व उरलेले तेल यांचा चक्क लेप तयार झाला. हा लेप म्हणजे कानशीच. चेनच्या पिना आणि स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या चाकाचे, दाते तो रात्रंदिवस घासत असतो. कणकवलीला पोहोचेपर्यंत चेन बोटभर जास्त ढिली झाली होती. तेथल्या गॅरेजमध्ये ती ताणून, पुसून, तेल घालून घेईपर्यंत फार तर पंधरा मिनिटे गेली. साडूंनी बादलीभर पाणी आणि जुना टूथब्रश घेऊन बेल्ट धुतला, गाडी रात्रभर चार्जिंगला लावली आणि ते माझ्याकडे पाहून नुसते हसले.

दुसऱ्या दिवशी फोंडा घाटाच्या अलीकडे रस्त्याचे काम चालू होते आणि खडी पसरलेली होती. तेथे एक टोकदार खडा साडूंच्या बेल्टवर पडून मागच्या पुलीत, म्हणजे बेल्ट ज्यावर फिरतो त्या चाकात, ओढला गेला. कट्‌ असा एकच आवाज झाला. गाडी थांबवून पाहिले तर बेल्टला आरपार भोक पडले होते आणि कडेचा एक दाता अर्धा तुटला होता. चेनवर असा खडा आला तर बहुधा उडून जातो. बेल्ट आणि पुली यांच्यात मात्र तो चिमटला जातो आणि आतले दोरे कापतो. जवळच्या मेकॅनिकने वाकून पाहिले आणि मान हलवली. “ह्यो बेल्ट हंय गावाचो (इथे मिळायचा) नाय. चेन असती तर आत्ताच्या आत्ता जोडून दिली असती.”

त्याचे म्हणणे खरे होते. चेनची एक कडी तुटली तर ती काढून नवे लॉक, म्हणजे क्लिपची जोडकडी, बसवता येते. बेल्ट अखंड असतो. तो जोडता येत नाही, आणि बदलताना मागचे चाक तर काढावे लागतेच, शिवाय स्विंगआर्मची, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या दांड्याची, रचना उघडता येण्यासारखी नसेल तर तोही सोडवावा लागतो. आमच्या कारखान्यांच्या उद्यमनगरात काहीही बनवून मिळते, असा आम्हा कोल्हापूरकरांचा अभिमान आहे. पुली तेथे नक्कीच मिळाली असती, पण बेल्ट ओतताही येत नाही आणि लेथवर कातताही येत नाही. आम्ही पूर्ण घाट आणि पुढे राधानगरीपर्यंतचे जंगल ताशी तीसच्या वेगाने, दाजीपूरजवळ गवे आडवे येतील म्हणून नव्हे तर बेल्ट तुटेल म्हणून जपून पार केले.

एवढ्यावरून बेल्ट वाईट, असे मी म्हणणार नाही. आपण नेहमी जपलेल्या बेल्टची तुलना उघड्या, दुर्लक्षित चेनशी करतो, तेथेच घोटाळा होतो. खरी तुलना पूर्ण झाकलेल्या चेनशी व्हायला हवी. रोजच्या वापराच्या 100 सीसी गाड्यांवर जे पत्र्याचे बंद चेनकव्हर असते आणि ते दिसायला जुनाट म्हणून ज्याला तरुण मुले नाक मुरडतात, त्याच्या आत चेन कितीतरी जास्त टिकते. माझी पुढची गाडी चेनची, आणि असे कव्हर असलेली असेल. घाट न उतरणाऱ्याने मात्र बेल्ट खुशाल घ्यावा.

उघडी चेन घेऊन जाणाऱ्याने मुक्कामाला पोहोचल्याबरोबर, चेन गरम असतानाच, खालच्या बाजूच्या आतील अंगाला 90 नंबरचे गिअर ऑइल लावावे. सकाळी निघताना लावलेले तेल नुसते उडते. ढिलाई चाक फिरवून चेन जेथे सर्वांत ताठ असेल तेथे मोजावी. बहुतेक लहान गाड्यांना ती 20 ते 30 मिलिमीटर लागते. एक जादा लॉक खिशात असावे आणि त्याच्या क्लिपचे बंद तोंड चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला बसवावे. बेल्टवाल्याने प्रत्येक थांब्यावर दात्यांत खडा अडकला आहे का ते पाहावे, तेल किंवा ग्रीस अजिबात लावू नये, आणि पंक्चर शक्यतो चाक न काढता काढून घ्यावे, कारण चाक पुन्हा बसवताना बेल्टचा ताण आणि सरळपणा साधणे प्रत्येकाला जमत नाही.

साडूंचा नवा बेल्ट नवव्या दिवशी आला. तोपर्यंत ते माझीच गाडी घेऊन कामावर जात होते, आणि चेनला तेलही तेच घालत होते.