आंबा घाटात गाडी तापली, आणि दुसऱ्या दिवशी सापडलेली गळती

रत्नागिरीहून कोल्हापूरला परतताना, एप्रिलच्या भर दुपारी, आंबा घाटाच्या चढाला टेम्परेचरचा काटा वर सरकायला लागला. एसी बंद केला, काचा खाली घेतल्या आणि हीटर पूर्ण सोडला. त्या उकाड्यात जीव नकोसा झाला, पण इंजिनची थोडी तरी उष्णता त्या वाटेने बाहेर पडते. वळण संपून रुंद जागा मिळाल्यावर गाडी कडेला घेतली, बंद केली आणि किल्ली काढून घेतली.

एक टेम्पोवाले दादा आपणहून थांबले. "ताई, झाकण खोला, पाणी ओता, लगेच निघाल." मदत मनापासून होती, तरी मी त्यांना झाकणाला हात लावू दिला नाही. इंजिनचं गरम पाणी ज्यात फिरून थंड होतं, त्या रेडिएटरमध्ये तापल्यावर साधारण एक बार जादा दाब असतो. त्या दाबाखाली पाणी 120 अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. झाकण सैल होताच दाब उतरतो आणि तेच पाणी वाफ होऊन तोंडावर येतं. झाकणावर फडकं धरून भागत नाही. शिवाय तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी गेलं तर हेडला, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाला, तडा जाऊ शकतो. "दादा, मी थांबते," म्हटलं. तेही मग सावलीत बसले.

वरचा होज पाइप हाताला गार लागेपर्यंत तासाहून जास्त वेळ गेला. मग पिण्याचं पाणी भरून, काट्यावर नजर ठेवत घर गाठलं.

खरी तपासणी दुसऱ्या दिवशी सकाळी, रात्रभर थंड झालेल्या गाडीवर केली. ओढणी आधी काढून ठेवली, कारण काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही रेडिएटरचा फॅन अचानक सुरू होतो. रेडिएटरला जोडलेल्या प्लॅस्टिकच्या टाकीत कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, दोन खुणांच्या मधोमध होतं. बहुतेक जण इथेच समाधान मानून बॉनेट लावतात. मी रेडिएटरचं झाकण उघडलं, तर आत पातळी बरीच खाली! गाडी थंड होताना रेडिएटर टाकीतून कूलंट परत ओढून घेतो. पण कुठे गळती असेल तर त्या फटीतून हवा ओढली जाते आणि टाकी भरलेलीच राहते.

मग टॉर्च घेऊन एकेक पाइप पाहिला, दाबून पाहिला. खालच्या पाइपच्या क्लिपपाशी गुलाबीसर पांढरी खपली धरली होती, नखाने खरवडली की सुटणारी. गरम झाल्यावर तिथून थेंब थेंब जात होतं आणि लगेच वाळत होतं, म्हणून जमिनीवर कधी डाग दिसला नाही. ऑइलची काडीही ओढून पाहिली. ऑइल दुधाळ झालं नव्हतं, म्हणजे त्यात पाणी उतरल्याची खूण नव्हती. तेव्हा कुठे जिवात जीव आला.

गॅरेजमध्ये पाइप, क्लिप आणि झाकण नवीन बसवलं. झाकणाचं रबर कडक झालं होतं. जुनं कूलंट गटारात सोडायला निघालेल्या पोराला मी थांबवलं आणि ते कॅनमध्ये भरून घेतलं. त्यातलं ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि त्यांच्या किडन्या निकामी होतात. नवीन कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं-निम्मं मिसळून भरलं, बोअरचं पाणी घालू दिलं नाही. त्याच्या क्षारांनी रेडिएटरच्या नळ्या आतून चोंदतात.