लालबागची मिरची गल्ली आणि आम्ही चौदा मास्तर

मागच्या मार्चमध्ये आमच्या तालुक्यातले इतिहास-भूगोल शिकवणारे चौदाजण स्वखर्चाने एक दिवस मुंबईला जाऊन आलो. विषय होता जेवणातून समाजशास्त्र शिकवणं. शाळेत खाद्यमहोत्सव होतोच की, मग वेगळं काय, असं निघताना निम्म्यांचं म्हणणं होतं. माझं मत आधीही वेगळं होतं आणि आता तर पक्कं झालंय: मुलांनी आईच्या हातचे पदार्थ मांडायचे आणि पाहुण्यांनी चव घ्यायची यात शिकणं फार थोडं.

सकाळी सीएसएमटीला उतरून चालत क्रॉफर्ड मार्केट. नाव आता महात्मा ज्योतिबा फुले मंडई, इमारत 1869 ची. तिथे प्रत्येकाला एकच काम दिलं होतं, एक फळ किंवा भाजी धरायची आणि ती मुळात कुठली ते शोधायचं. पेरू, अननस, पपई, टोमॅटो, बटाटा... सगळं अमेरिका खंडातलं! त्यात एकादशी होती, आमच्या एका बाईंनी डब्यातली साबुदाण्याची खिचडी काढली आणि कोणीतरी हसत म्हणालं, मॅडम, साबुदाणा ज्या कंदाचा तो अमेरिका खंडातला, शेंगदाणा तिथला, बटाटा तिथला, मिरचीसुद्धा. म्हणजे 1498 ला वास्को द गामा यायच्या आधी आपल्याकडे कोणी ही खिचडी खाल्लीच नसणार. बाई दोन मिनिटं गप्प, मग म्हणाल्या, उद्या वर्गात हेच सांगते. आठवीचा 'युरोप आणि भारत' धडा इतक्या सोप्या दाराने उघडतो हे मला वीस वर्षांत सुचलं नव्हतं.

दुपारी धोबीतलावला इराणी हॉटेलात चहा आणि ब्रुन पाव, ते लवकर उरकलं. मग लालबाग. करी रोड किंवा चिंचपोकळीला उतरा, टॅक्सीच्या नादी लागू नका. मिरची गल्लीत खरा भूगोल आहे, ब्याडगी कर्नाटकातली, रंगाला, तिखट कमी, संकेश्वरी बेळगावकडची, लवंगी झणझणीत. गिऱ्हाईक घरचं प्रमाण सांगतं, मिरच्या भाजतात आणि डंकावर कुटून देतात. प्रमाणावरून माणूस मालवणी की आगरी की घाटावरचा ते दुकानदार ओळखतो म्हणे! खड्या मसाल्यात लवंग आणि जायफळ, दोन्ही मुळात आजच्या इंडोनेशियातली, तिथून डच ईस्ट इंडिया कंपनीवर सहज येता येतं.

मग गिरणगावातल्या, म्हणजे कापडगिरण्यांच्या या भागातल्या, खाणावळी. कोकणातून, साताऱ्याकडून एकटे आलेले कामगार बायकांनी घरी चालवलेल्या खाणावळीत महिन्याच्या बोलीवर जेवायचे. त्याच बायकांची संघटना म्हणून प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. 1982 च्या गिरणी संपाचा धडा आपण दत्ता सामंत आणि अडीच लाख कामगार एवढ्यावर संपवतो, पण पगार थांबल्यावर खाणावळवालीची उधारी कोणी फेडली हा प्रश्न मुलांना जास्त भिडतो. तिथल्या एका आजींना आम्ही तेवढंच विचारलं, तर त्या तासभर बोलल्या आणि आमची छापील बावीस प्रश्नांची शीट पिशवीतच राहिली.

जाणार असाल तर काही गोष्टी. मार्च ते मे मसाल्याचा सीझन, गल्ली बघायला छान पण ठसका असा लागतो की बोलता येत नाही, आमच्या दम्याच्या एका सरांना बाहेरच बसवावं लागलं. मास्क आणि पाणी पाहिजेच. चौदाजण एकदम दुकानासमोर उभे राहिलो तर शेठ वैतागले, रास्तच आहे, गिऱ्हाईक अडतं. चार-चारचे गट करा, सकाळी लवकर गाठा आणि पाव किलो तरी मसाला विकत घ्या. बंद वार आधी फोन करून विचारा. फोटो विचारूनच. जेवण, लोकल, चहा धरून आम्हाला माणशी साडेतीनशे लागले, मसाला वेगळा.

आणि मुलांना इतक्या लांब न्यायची गरज नाही, मी परत आल्यावर आमच्याच आठवडी बाजारात आठवीला सोडलं, तीनच प्रश्न देऊन: हे कुठून आलं, कोणी आणलं, पैसे कोणाला मिळाले. तिसऱ्याचं उत्तर काढताना एक पोरगा भाजीवाल्या मावशींशी भांडून आला, तिची समजूत काढायला मला दोन जुड्या मेथी घ्यावी लागली.