वेल्सला किती मिळते, असे तुम्ही विचारलेत म्हणून

मी वेल्समधल्या एका कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थेच्या, पुनर्विकास विभागात नोकरी करते, हे कळले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. मागे पडलेल्या गावांच्या उभारणीसाठी लंडनचे सरकार जो निधी काढते, तो इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांच्यात न्यायाने वाटला जातो का? इथले मराठी स्नेही हा प्रश्न जरा अदबीने विचारतात. यवतमाळचे माझे मामा आडपडदा ठेवत नाहीत: "अगं, तुम्हा वेल्सवाल्यांना तर दरडोई जास्तच मिळते म्हणे, मग रडगाणे कसले?" आजवर मी दोन वाक्यांत उत्तर देऊन सुटका करून घेत आले. त्या दोन वाक्यांचे ऐकणाऱ्याने हवे तसे अर्थ लावले, म्हणून आता सविस्तर लिहिते.

मामांचे म्हणणे आकड्यांपुरते खरे आहे, हे आधीच मान्य करते. ब्रिटनच्या लोकसंख्येत वेल्सचा वाटा पाच टक्क्यांच्या किंचित आत आहे. मागे पडलेल्या गावांसाठी काढलेल्या लेव्हलिंग अप फंडाच्या पहिल्या फेरीत, २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये, १.७ अब्ज पौंड जाहीर झाले आणि त्यांतले १२.१ कोटी वेल्सला आले, म्हणजे सुमारे सात टक्के. २०२३ च्या जानेवारीतल्या दुसऱ्या फेरीत २.१ अब्जांपैकी २०.८ कोटी आले, म्हणजे जवळजवळ दहा टक्के. लोकसंख्या हेच माप धरले, तर वेल्सने तक्रार करण्याचे काही कारण उरत नाही.

परंतु त्याच काळात, त्याच सरकारने, दुसरा निधी अगदी वेगळ्या मापाने वाटला. युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर तिथून येणाऱ्या पैशाच्या जागी शेअर्ड प्रॉस्पेरिटी फंड आला, आणि २०२२ ते २०२५ या तीन वर्षांच्या २.६ अब्जांपैकी ५८.५ कोटी वेल्सच्या नावे टाकले गेले. हा वाटा बावीस टक्क्यांच्या वर जातो. कारण इथे माप लोकसंख्येचे नव्हते. पूर्वी युरोपकडून ज्याला जितके मिळत होते तितके मिळावे, असे ठरले होते, आणि दरडोई उत्पन्न युरोपच्या सरासरीच्या पाऊणपटीहून कमी असल्यामुळे पश्चिम वेल्स व खाणींच्या दऱ्यांचा प्रदेश युरोपच्या सर्वांत मोठ्या मदतीस पात्र ठरलेला होता. एवढे असूनही वेल्सचे सरकार म्हणत होते की आमचे एक अब्जाहून अधिक पौंड बुडाले. लंडनचे तेव्हाचे म्हणणे असे की जुन्या युरोपीय कार्यक्रमाची शिल्लक अजून येत आहे, ती धरून हिशेब करा. कार्डिफचे, म्हणजे वेल्स सरकारचे, उत्तर असे की ती शिल्लक आधीच्या वाट्याची आहे, ती नव्या वाट्यातून वजा कशी करता? दोन्ही बाजूंचे तक्ते मी पाहिले आहेत आणि दोन्हींची बेरीज बरोबर येते. मला कार्डिफची बाजू अधिक पटते. पण मी वेल्समध्ये पगार घेते, हेही ध्यानात ठेवा.

मामांना मी उलट विचारते की पंधराव्या वित्त आयोगाने केंद्रीय करांतल्या राज्यांच्या वाट्यातून महाराष्ट्राला ६.३१७ टक्के दिले म्हणून तुम्ही चिडता, पण तो आकडा कोणी ठरवला, कोणत्या निकषांना किती भार दिला, हे तुम्हाला छापील अहवालात वाचता तरी येते. ब्रिटनमध्ये वित्त आयोग नाही. इथे १९७० च्या दशकाच्या अखेरीस आलेले बार्नेट सूत्र आहे: इंग्लंडमध्ये एखाद्या खात्याचा खर्च वाढला, की त्या वाढीचा लोकसंख्येच्या प्रमाणातला हिस्सा इतर तिघांना द्यायचा. गरज त्यात मोजलीच जात नव्हती. वेल्स सरकारने नेमलेल्या होल्टम आयोगाने २०१० मध्ये वेल्सची गरज इंग्लंडच्या सुमारे ११५ टक्के असल्याचा हिशेब मांडला आणि लंडन व वेल्स सरकारांमधल्या २०१६ च्या करारात तो कसाबसा सूत्रात शिरला. पण कोणता खर्च "इंग्लंडचा" आणि कोणता साऱ्या देशाचा, हे अजूनही ट्रेझरीच, म्हणजे लंडनचे अर्थखातेच, ठरवते. लंडन ते बर्मिंगहॅम हा एचएस-टू रेल्वेमार्ग वेल्समध्ये एक मैलही येत नाही. तरी तो "इंग्लंड आणि वेल्स"चा प्रकल्प मानला गेला, त्यामुळे स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडला त्यापोटी हिस्सा मिळाला आणि वेल्सला मिळाला नाही. वादी आणि न्यायाधीश एकाच खुर्चीत बसलेले असताना टक्केवारीवर वाद घालण्यात मला फारसा रस उरलेला नाही.

म्हणूनच लेव्हलिंग अप फंडाची खरी गोष्ट रकमेत नाही. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये तो जाहीर झाला तेव्हा चार अब्ज इंग्लंडला आणि बार्नेटच्या वाटेने ०.८ अब्ज इतर तीन सरकारांना, असा बेत होता. पुढच्या मार्चपर्यंत तो साऱ्या ब्रिटनसाठी ४.८ अब्जांचा एकच निधी झाला आणि पहिल्या फेरीत स्कॉटलंडला किमान नऊ, वेल्सला पाच, उत्तर आयर्लंडला तीन टक्के देण्याची हमी आली. या सतरा टक्क्यांचे गणित करून पाहा, उत्तर पुन्हा ०.८ अब्जाच्याच आसपास येते. बदलले ते एवढेच की पैसा कार्डिफ, एडिंबरा आणि बेलफास्टच्या सरकारांना वळसा घालून थेट लंडनहून कौन्सिलांकडे येणार होता. त्यासाठी लागणारा अधिकार २०२० च्या अंतर्गत बाजारपेठ कायद्याच्या पन्नासाव्या कलमाने दिला होता.

आणि मला त्याचा आनंद झाला होता. इथे येऊन माझे स्वतःशीच भांडण सुरू होते, म्हणून जरा थांबते. २०२१ मध्ये मी सहकाऱ्यांना हिरिरीने सांगत असे की कार्डिफ हेही एक केंद्रच आहे. आमच्यासारख्या आडगावांना कार्डिफच्या मेहेरबानीपेक्षा लंडनचा थेट धनादेश परवडला. मी विदर्भात वाढले. अनुशेषाची भाषा मला शाळेपासून ठाऊक आहे: दांडेकर समिती, ३७१ (२) कलम, १९९४ ची वैधानिक मंडळे. मुंबईत अडकलेला पैसा नागपुरात आला, तरी तो यवतमाळपर्यंत पोचतोच असे नाही, हेही मी घरातच ऐकले आहे. तेव्हा मधल्या सरकारला वळसा घालण्याची कल्पना मला गैर वाटली नाही, आणि खरे सांगायचे तर तत्त्व म्हणून आजही वाटत नाही. जे घडले ते मात्र सांगितले पाहिजे.

आमच्या एका गावात जुना बाजारहॉल आहे. स्लेटच्या कौलांचे छत, ओतीव लोखंडाचे खांब, आणि पाऊस लागला की ठरलेल्या जागी ठेवायच्या बादल्या. दुसऱ्या फेरीसाठी आम्ही त्याचा आणि शेजारच्या बसस्थानकाचा प्रस्ताव केला. अर्जाच्या तयारीसाठी वेल्स आणि स्कॉटलंडच्या प्रत्येक कौन्सिलला सरसकट सव्वा लाख पौंड मिळाले होते. ते सल्लागार कंपनीच्या बिलात विरघळून गेले आणि वर आमचे पैसे पडले. खर्चापोटी लाभ किती, हे ट्रेझरीच्या पद्धतीने दाखवायचे होते. लाभ मोजण्याची एक मोठी रीत म्हणजे जागेची किंमत किती वाढेल हे पाहणे. आमच्याकडे जागेला किंमतच नाही, म्हणून तर अर्ज करत होतो. पण किंमत नाही म्हणून वाढही किरकोळ, आणि वाढ किरकोळ म्हणून लाभ कमी. या चक्रातून आकडा पुढे रेटायला आमच्या अर्थतज्ज्ञाला कित्येक रात्री लागल्या.

गाळेधारकांच्या सभेत मी रंगीत आराखडे भिंतीवर लावले. गरम तव्यावर वेल्श केक भाजून विकणाऱ्या एक बाई चष्मा लावून ते बराच वेळ पाहत होत्या. मग त्यांनी विचारले, "झाडे छान काढली आहेत. माझ्या फ्रीजचा प्लग कुठे आहे?" प्लग नव्हता. आम्ही तो आराखड्यात घातला, विजेच्या जोडण्यांचा सगळा तक्ताच नव्याने केला, आणि त्यानंतर त्या बाईंनी इतर गाळेधारकांच्या सह्या स्वतः फिरून गोळा केल्या. अर्ज भरण्याची मुदत ६ जुलै २०२२ होती. ऑनलाइन यंत्रणा वेळेत तयार नव्हती, म्हणून ती २ ऑगस्टपर्यंत वाढली. त्या ६ जुलैच्या रात्रीच हा निधी देणाऱ्या खात्याचे मंत्री मायकेल गोव्ह यांना पंतप्रधानांनी काढून टाकले. पुढे निकाल लागेपर्यंत पंतप्रधान दोनदा बदलले, खात्यावर आणखी दोन मंत्री येऊन गेले आणि शेवटी गोव्हच परत आले. दरम्यान पोलादाचे आणि मजुरीचे दर इतके चढले, की आमचा अंदाजपत्रकाचा तक्ता जुन्या काळातला वाटू लागला.

जानेवारीत निकाल आला. पाचशेहून अधिक अर्जांतून १११ निवडले गेले, आमचा त्यांत नव्हता. मग कळले की पहिल्या फेरीत ज्या कौन्सिलांना काही मिळाले होते त्यांना दुसऱ्या फेरीत द्यायचेच नाही, असे मंत्र्यांनी अर्ज येऊन पडल्यावर ठरवले होते. आम्हाला पहिल्या फेरीत मिळाले होते: कौन्सिलच्या हद्दीच्या दुसऱ्या टोकाला, बाजारहॉलपासून गाडीने तासाभराच्या अंतरावर. व्हिडिओ कॉलवर भेटलेला अधिकारी सभ्य होता, वयाने लहान होता आणि वाचून दाखवत होता. अर्जात उणीव होती का, असे मी विचारले. तसे म्हणता येणार नाही, तो म्हणाला. निधी जास्तीत जास्त ठिकाणी पोचावा, हा हेतू होता. हे आधी का सांगितले नाही, या प्रश्नावर त्याच्या कागदावर काही लिहिलेले नव्हते.

मला राग आला तो केवळ हरल्याचा नाही. ज्याला एकदा मिळाले त्याने थांबावे आणि ज्याला मिळालेच नाही त्याला आधी द्यावे, हासुद्धा न्यायाचाच एक विचार आहे, आणि आधी सांगितला असता तर मी त्याच्या विरोधात फार काही बोलू शकले नसते. पंक्तीत वाढायला सुरुवात झाल्यावर पानांचा क्रम बदलला, ही माझी तक्रार आहे. ते आमच्याच बाबतीत घडले असेही नाही. पहिल्या फेरीत निधी देण्याची तत्त्वे मंत्र्यांनी पक्की केली ती कोण अर्जदार आहेत आणि कोणाला किती गुण मिळाले हे कळल्यानंतर, असा ठपका संसदेच्या लोकलेखा समितीने २०२२ मध्ये ठेवला. निधीच्या प्राधान्याच्या यादीत तेव्हाचे अर्थमंत्री ऋषी सुनक यांच्या मतदारसंघातले रिचमंडशायर पहिल्या, म्हणजे सर्वाधिक गरजूंच्या, गटात आणि खाणी बंद पडलेले बार्न्सली दुसऱ्या गटात होते. उत्तर आयर्लंडला तर त्या गटांत बसवलेच नव्हते. वेस्ट मिडलंड्सचे तेव्हाचे महापौर अँडी स्ट्रीट हे सत्ताधारी पक्षाचेच. त्यांनीही लंडनपुढे झोळी पसरायला लावणारी ही पद्धत मोडीत निघाली आहे, अशा अर्थाचे बोल सुनावले.

गाळेधारकांना निकाल मीच सांगितला. केकवाल्या बाईंनी एकच विचारले, "म्हणजे त्या दुसऱ्या गावाने मागितलेच नसते, तर आपल्याला मिळाले असते?" मी म्हणाले, कदाचित. तेव्हापासून आमच्याच हद्दीतली ती दोन गावे एकमेकांकडे तिरक्या नजरेने पाहतात. कोणत्या देशाला किती टक्के, या चर्चेत ही गोष्ट कुठेच येत नाही.

आता मामा म्हणतील, मग पैसा सरळ कार्डिफच्या सरकारकडे द्या की. लेबर पक्षाने २०२४ च्या जाहीरनाम्यात तेच वचन दिले आणि वारे त्या दिशेने वाहते आहे. मला ते बरे वाटते, पण २०२१ मधली मी काही पूर्ण गप्प बसलेली नाही. शेअर्ड प्रॉस्पेरिटी फंड वेल्सच्या आत वाटताना चाळीस टक्के भार लोकसंख्येला आणि तीस टक्के वेल्सच्या वंचितता निर्देशांकाला होता. उरलेला तीस टक्के दुसऱ्या एका निर्देशांकाला. हे सूत्र बदलायचे झाले तर बावीस कौन्सिलांच्या बावीस मागण्या असतील. विरळ वस्तीची कौन्सिले म्हणतील की रस्त्याचे मैल मोजा. कार्डिफ म्हणेल माणसे मोजा. दऱ्यांतली कौन्सिले म्हणतील दारिद्र्य मोजा. माझ्या विभागाने या सूत्रावरच्या टिपणाचा मसुदा माझ्याकडेच दिला आहे आणि त्यात मी वंचिततेचा भार वाढवा असे लिहिले आहे, कारण त्याने आमचा वाटा वाढतो. तेच मला न्याय्यही वाटते. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असणे संशयास्पद आहे, असे मामा म्हणाले, आणि मसुदा पाठवण्याची मुदत शुक्रवारी आहे.