तो मनीप्लांट नव्हता

आज नागपंचमी. रात्रीचे साडेअकरा झालेत, आई झोपली, मी बाल्कनीत कूलरच्या रिकाम्या स्टँडवर पाय टाकून लिहून राह्यली. डास फोडून काढताहेत पण आत जावंसं वाटत नाही.

बाबांना जाऊन आज बासष्ट दिवस. मोजणं बंद कर असं आई म्हणते आणि स्वतः कॅलेंडरवर टिकमार्क करते, मी पाह्यलंय. नवतप्यात गेले ते, डांबर चपलेला चिकटतं त्या दिवसांत. दवाखान्याचं आज नाही लिहीत, ते मागच्या पानांवर लय झालं.

अस्थी रामटेकला अंबाळा तलावात सोडल्या. रामटेकच का, हे मी तेव्हा विचारलं पण नाही, आपल्याकडचे बरेच लोक तिथंच नेतात म्हणून नेलं असेल असं धरून चालली होती. दहाव्याला तलावाच्या घाटावर पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. आई म्हणाली पोरीचं एमएस्सी पूर्ण करीन, नाही आला. मामानं तर होम लोनचे हप्ते भरीन म्हणून सगळ्यांसमोर कबूल करून टाकलं (नंतर त्याला बराच पस्तावा झाला असावा), तरी नाही. मग बाबांचे चुलतभाऊ, आमचे मोठे बाबा, धोतर सावरत पुढे आले आणि मोठ्यानं म्हणाले, "बापू, वेल मी पाह्यतो. तू जा आता." आणि आला कावळा. आता त्याला भूकही लागली असेल, पाऊण तास झाला होता, मी यावर कोणाशी भांडणार नाही. पण कोणती वेल? घरी येईपर्यंत तेच डोक्यात. आईला विचारलं तर तिनं तोंड फिरवलं. म्हणाली, नागपंचमीला जाऊन ये, तुझ्या मोठ्या बाबांना विचार.

म्हणून आज गेली. नागपूरच्या इतवारी स्टेशनहून रामटेकची गाडी पकडली, एकटीच. कामठी गेलं, कन्हानचा पूल आला, नदी गढूळ आणि भरलेली, आणि मग रामटेक जवळ आलं की तो डोंगर दिसतो, वर पांढरा गड, आणि आज तर अर्धा गड ढगात होता. कालिदासाचा रामगिरी तो हाच असं संस्कृतचे अभ्यासक वा. वि. मिराशी यांनी मांडलंय, शाळेच्या सहलीत आम्हाला ते स्मारकासमोर उभं करून पाठ करायला लावलं होतं आणि माझं सगळं लक्ष माकडानं पळवलेल्या डब्यात. आज मात्र खिडकीतून बघताना वाटलं, विरहाची गोष्ट लिहायला माणूस इथंच बसला असेल तर बरोबरच जागा निवडली त्यानं.

मोठ्या बाबांकडे मी लहानपणापासून जाते, लग्नं, बारसं, त्रिपुरी पौर्णिमा. ते शेती करतात एवढंच माहीत, धान असेल असं समजून होती. आज ते मला घराच्या मागून, एका बोळीतून, बांधावरून घेऊन गेले आणि समोर ही मोठी गवताच्या तट्ट्यांची भिंत. दारात थांबले. "चपला काढ." मी म्हटलं चिखल आहे. "म्हणूनच तर काढ. इथं कोणीच घालून जात नाही, कलेक्टर आला तरी नाही."

तेवढ्यात मोठी आई मागून आली, जवळ येऊन हळूच कानात, "बाहेरची नाहीस ना गं?" माझा तिसरा दिवस होता. मी म्हटलं, नाही. सरळ खोटं. मला हे सगळं पटत नाही, वेलीला काय कळतं कोणाला पाळी आहे ते, पण तिथं उभं राहून भाषण द्यायची ताकद नव्हती आणि परत फिरायचं तर मुळीच नव्हतं. गेली आत.

आत कसं होतं ते सांगता येत नाही नीट. मे महिन्यात बाहेरून तापून यावं आणि वाळ्याचा कूलर सुरू असलेल्या खोलीत शिरावं तसं. थंड, ओलं, हिरवा अंधार. शेवरीच्या उंच सरळ काठ्यांवर वेली चढलेल्या, दोन ओळींत जेमतेम एक माणूस जाईल एवढीच जागा, आणि वास, कापरासारखा म्हणावा तर कापूर नाही, तिखट म्हणावा तर तिखट नाही. पानं फिकट पिवळसर हिरवी, हृदयासारखी, पातळ. मी एक पान बोटानं उलटं केलं. शिरा बघितल्या. आणि मटकन खाली बसली चिखलात.

कारण हे पान मी रोज बघते. आमच्या बाल्कनीत, कूलरच्या खाली, पांढऱ्या प्लास्टिकच्या बादलीत. बाबांनी गोणपाट गुंडाळलेल्या काठीवर चढवलेली वेल. उन्हाळाभर कूलरचं ठिबकणारं पाणी तिच्यावर पडायचं आणि बाबा ती बादली मुद्दाम दोन बोटं इकडं, दोन बोटं तिकडं सरकवत बसायचे. मी तिला मनीप्लांट म्हणायची. मी. एमएस्सी बॉटनी, दुसरं वर्ष. पायपर बीटल, म्हणजे विड्याच्या पानाची वेल, मी हर्बेरियम शीटवर ओळखते, परीक्षेत लिहिते की मिऱ्याच्या कुळातली, नर आणि मादी वेल वेगळी, छाटकलमानं वाढ, आणि घरात नाकासमोर होती तर सात वर्षांत एकदा पान चुरगाळून वास नाही घेतला. बाबांनीही कधी दुरुस्त केलं नाही. हसायचे फक्त.

मोठे बाबा बाजूला बसले. त्यांनी सांगितलं ते तसंच लिहून ठेवते नाहीतर विसरेन. "हा मळा तुह्या आबाचा आन् माह्या बापाचा, दोघाचा. आपन बरई. पान लावनं हेच काम पिढ्यान् पिढ्या. रामटेकचं पान दूरदूर जाय, टोपले भरभरून. मंग मर आली, मुळं सडली, एका पावसात अर्धा मळा झोपला. इकडं बंगला पान सस्तं झालं, आन् लोकं पान सोडून खर्रा खाऊ लागले. तुह्या आबानं मंग ठेला टाकला. दिवसभर पन्नीत खर्रा घोटे, घोटता घोटता सोताच खाऊ लागला." तोंडाच्या कॅन्सरनं गेले आबा. एवढं मला माहीत होतं. पानवाल्या घरातला माणूस, हाताखाली एवढी वेल, आणि गेला सुपारी-तंबाखू-चुन्यानं, हे माहीत नव्हतं. बाबा पानठेल्यासमोरून जाताना रस्ता ओलांडायचे, लग्नात विडा दिला तर खिशात टाकायचे, आम्हाला वाटायचं कडक माणूस.

पण दर पावसाळ्यात दोन दिवस "ऑफिसच्या कामानं" रामटेकला यायचे ते इथं. वेल उतरवायला. वेल वर पोचली की खालचं जुनं खोड उघडं पडतं, मग ती काठीवरून सोडवून खाली घेतात, उघडं खोड वेटोळं करून मातीत गाडतात आणि शेंडा परत चढवतात. गाडलेल्या पेरांना नवीन मुळं फुटतात. दरवर्षी. म्हणजे तीच वेल, मुळातच तीच. बी नाही, नवीन पिढी वगैरे काही नाही. आबांच्या हातची जी वेल मर येऊनही वाचली तिचंच पेर इथं आहे आणि तिचंच पेर आमच्या बादलीत.

बीचं मी म्हटलं तर मोठ्या बाबांनी गोष्ट सांगितली, पांडवांना विडा पाहिजे होता आणि पृथ्वीवर पानच नव्हतं, तर पाताळात माणूस पाठवला, नागांच्या राणीनं करंगळीचं वरचं पेर कापून दिलं, म्हणे हे पेरा. म्हणून नागवेल. म्हणून आज नागपंचमीला मळ्यात पूजा. कोपऱ्यात शेंदूर लावलेला दगड, लाह्या, नारळ, वाटीत दूध. आज एकाही पानाला हात लावायचा नाही, विकायचं तर दूरच. (गाडीत फोनवर शोधलं, रसेल आणि हिरालाल यांनी इकडच्या जातीजमातींवरच्या पुस्तकात १९१६ साली हे सगळं असंच छापून ठेवलंय, दगड, दूध, पान न तोडणं. आमच्या घरची गोष्ट मला शंभर वर्षांपूर्वीच्या इंग्रज साहेबाकडून पडताळून घ्यावी लागली. असो.)

जेवायला कानोले. आज तवा नाही, चिरणं नाही, सगळं वाफेचं. जेवण झाल्यावर मोठ्या बाबांनी फडक्यात बांधलेली एक छोटी वस्तू दिली. लोखंडी नखी. पान खुडताना अंगठ्यात घालतात ती. आबांची, मग बाबांची. आतून झिजून गुळगुळीत झालेली, माझ्या अंगठ्यात ढिली होते. "तागा गुंडाळ आतून," मोठी आई म्हणाली, "तुह्या बापालेही ढिलीच होये."

परत निघताना गडावर गेली. तिथल्या वराहाच्या दगडी मूर्तीच्या पोटाखालून सरपटत निघाली, म्हणतात पापी माणूस अडकतो. सकाळचं खोटं आठवत होतं आणि आजकाल मी काही बारीकही नाही, पण निघाली बाबा पलीकडे. मागे एक काका फोटो काढत होते, त्यांना काय वाटलं असेल.

आता बादलीकडे बघतेय. पाऊस लागला तसा कूलर काढला आणि तेव्हापासून तिला कोणी पाणीच घातलं नाही, वर स्लॅब आहे, पावसाचं पाणी पण येत नाही. खालची सगळी पानं पिवळी होऊन गळाली. वरून तिसऱ्या पेराशी काहीतरी हिरवं आहे, टॉर्च लावून बघितलं, डोळा आहे की नुसतं शेवाळ ते सकाळी कळेल. मोठे बाबा म्हणाले की वाटलं तर गुंडाळून गाड, वरचं पेर जिवंत असलं तर पुरे.

बाबा भर उन्हातसुद्धा हिला पाणी घालताना चपला दारातच काढायचे. फरशी तव्यासारखी तापलेली असायची, आई ओरडायची की पाय भाजतील, आणि ते एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत मग ओतायचे. आम्ही त्या नाचाचा व्हिडिओ काढला होता. अजून फोनमध्ये आहे.

मगाशी मी चपला काढल्या आणि अर्धा मग पाणी घातलं. आईला जाग आली वाटतं, आतून आवाज आला, "ओल्या फरशीवर अनवाणी नको फिरू गं." मग जरा वेळानं, "आणि जास्त नको घालू तिला. ते अर्धाच मग घालायचे."