रोजगाराची नोंद आणि नोंदीनंतरची जबाबदारी

मे २०२५ पासून देशातील बेरोजगारीचा दर दर महिन्याला जाहीर होऊ लागला आहे. त्याआधी नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणाचे, म्हणजे पीएलएफएसचे, शहरी आकडे तिमाहीला आणि संपूर्ण देशाचे आकडे वर्षातून एकदा येत असत. जानेवारी २०२५ मध्ये या सर्वेक्षणाची रचना बदलण्यात आली, निवडलेल्या प्रत्येक कुटुंबाकडे लागोपाठ चार महिने जाण्याची पद्धत सुरू झाली, आणि एप्रिल महिन्यासाठीचा ५.१ टक्के हा पहिला मासिक दर आपल्यापर्यंत पोहोचला. हा बदल मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. मात्र आकडा लवकर येऊ लागला म्हणून त्याचा अर्थही लवकर लागतो असे होत नाही, आणि रोजगाराच्या सरकारी योजना ज्या नोंदींवर चालतात त्या तर या सर्वेक्षणापेक्षा अगदी वेगळ्या आहेत. पुण्यातील एका अभ्यासिकेत सुट्टीच्या दिवशी मुलामुलींना निरनिराळ्या योजनांचे अर्ज भरायला मी मदत करते. तिथे जे दिसते त्यावरून माझे एक मत पक्के झाले आहे, ते इथे मांडते.

सदाशिव पेठ, नारायण पेठ या भागांत राज्यसेवेची तयारी करणारी हजारो मुले राहतात, हे पुणेकरांना वेगळे सांगायला नको. त्यांपैकी परभणीकडून आलेल्या एका मुलाचे उदाहरण घेते. पदवी झालेली, वय सव्वीस, दिवसाचे दहा तास अभ्यासिकेत. सोयाबीन काढणीच्या वेळी तो दीड महिना गावी जाऊन घरच्या शेतात राबला. गेल्या पंधरवड्यापासून तो एका मेसमध्ये रोज संध्याकाळी दोन तास हिशेब लिहितो, आणि त्या बदल्यात त्याला दोन वेळचे जेवण मिळते. आता हा मुलगा बेरोजगार आहे की नाही?

त्याच्या आईवडिलांना विचारले तर ते क्षणाचाही विलंब न लावता ‘आहे’ म्हणतील. सर्वेक्षणाचे उत्तर मात्र तसे नाही. ‘चालू साप्ताहिक स्थिती’ या मापाने, मागच्या सात दिवसांत एखाद्या दिवशी किमान एक तास जरी काम केले असेल तरी ती व्यक्ती कामात आहे असे धरतात. कामाचा मोबदला वस्तुरूपाने मिळाला तरी ते कामच असते, त्यामुळे मेसमधल्या हिशेबाने हा मुलगा रोजगारात आला. ‘नेहमीची स्थिती’ या दुसऱ्या मापात मागील ३६५ दिवस पाहतात. त्यात मुख्य वेळ अभ्यासात गेला असला, तरी तीस किंवा त्याहून अधिक दिवस एखादे आर्थिक काम केले असेल तर ते दुय्यम काम म्हणून धरले जाते. म्हणजे सोयाबीनच्या दीड महिन्यामुळे तो वर्षाच्या हिशेबातही रोजगारातच मोजला जाईल, आणि त्याचा प्रकार असेल ‘घरच्या उद्योगातील बिनपगारी मदतनीस’.

यात कुणी लबाडी करते आहे असा माझा अजिबात आरोप नाही. या व्याख्या प्रत्येक अहवालात छापलेल्या असतात, आणि एका तासाचा निकष तर आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या मानकांना धरूनच आहे. जुलै २०२३ ते जून २०२४ या एकाच वर्षासाठी, त्याच सर्वेक्षणात, पंधरा वर्षांवरील लोकांमधील बेरोजगारीचा दर नेहमीच्या स्थितीने ३.२ टक्के आणि साप्ताहिक स्थितीने ४.९ टक्के निघतो, तर पंधरा ते एकोणतीस या वयोगटात नेहमीच्या स्थितीने तो १०.२ टक्के आहे. तिन्ही आकडे खरे आहेत आणि प्रत्येकाचा प्रश्न वेगळा आहे. सभेत किंवा टीव्हीवरच्या चर्चेत त्यांतला सोयीचा एक उचलून दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर म्हणून फेकला जातो, तेव्हा नुकसान त्या परभणीच्या मुलाचे होते, कारण त्याची अडचण त्या आकड्यात बसतच नाही.

स्त्रियांच्या बाबतीत हे आणखी काळजीपूर्वक वाचावे लागते. पंधरा वर्षांवरील स्त्रियांचा श्रमशक्तीतील सहभाग, म्हणजे काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण, २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के झाला. सहा वर्षांत इतकी वाढ, ही साधी गोष्ट नाही. पण याच काळात स्वयंरोजगाराचा वाटाही वाढला. २०२३-२४ मध्ये काम करणाऱ्या एकूण लोकांपैकी ५८.४ टक्के स्वयंरोजगारात होते, आणि घरच्या शेतात किंवा दुकानात पगाराशिवाय राबणारे मदतनीस १९.४ टक्के. या मदतनिसांमध्ये स्त्रियांचे प्रमाण फार मोठे आहे. आपली आजी शेतात राबत होती आणि तिच्या नावापुढे ‘घरकाम’ लिहिले जात होते, त्या काळापेक्षा तिच्या कामाची नोंद होणे केव्हाही चांगले. परंतु तिच्या हातात पैसा आला का, हा प्रश्न त्या नोंदीने सुटलेला नाही.

आता योजनांकडे येते. महाराष्ट्रात सेवायोजन कार्यालय हे नाव जुन्या पिढीच्या तोंडी अजून आहे. दुसरे महायुद्ध संपताना सैन्यातून परतणाऱ्यांना काम मिळवून देण्यासाठी १९४५ मध्ये ही व्यवस्था सुरू झाली, आणि १९५९ च्या कायद्याने ठरावीक आस्थापनांना रिक्त पदे या कार्यालयांना कळवणे बंधनकारक झाले. पूर्वी तिथले कार्ड मिळवण्यासाठी रांगा लागत. आज त्याचे नाव जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र असे आहे आणि नोंदणी महास्वयम् या संकेतस्थळावर होते. सोय निश्चितच वाढली. अडचण अशी की या नोंदणीत माणूस सहज येतो आणि सहसा बाहेर पडत नाही. नोकरी लागली की आपले नाव कमी करावे असे कुणाला सुचत नाही, आणि ज्याला नोकरी लागलीच नाही त्यानेही माहिती अद्ययावत ठेवलेली नसते. म्हणून नोंदणीकृत उमेदवारांची संख्या ही बेरोजगारांची संख्या समजणे चूक आहे.

भविष्य निर्वाह निधीच्या आकड्यांचे उलटे होते. कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटना २०१८ पासून दर महिन्याला नवे सभासद, बाहेर पडलेले आणि पुन्हा जोडले गेलेले यांचे आकडे देते, आणि त्यांतील निव्वळ वाढ ‘इतक्या नव्या नोकऱ्या’ म्हणून सांगितली जाते. भविष्य निर्वाह निधीचा कायदा साधारणपणे वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला लागू होतो. भोसरीतल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये एकोणीस कामगार आहेत आणि विसावा रुजू झाला, तर प्रत्यक्षात नोकरी एक वाढली, पण यादीत वीस नावे नव्याने येऊ शकतात. त्या एकोणीस जणांना निधीचे संरक्षण मिळाले ही आनंदाचीच गोष्ट आहे, फक्त तिला नवी नोकरी म्हणू नये.

शिकाऊ उमेदवारांची स्थिती तर मला सर्वांत अस्वस्थ करते. औंधच्या शासकीय आयटीआयमधून जोडारी (फिटर), कातारी (टर्नर), संधाता (वेल्डर), वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन) असे व्यवसाय शिकून दरवर्षी मुले बाहेर पडतात आणि त्यांपैकी अनेक जण चाकण, पिंपरी-चिंचवड, रांजणगाव इथे शिकाऊ म्हणून रुजू होतात. तीस किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेने अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. यंत्रावर उभे राहून पाळी पूर्ण करणारी ही मुलगी किंवा हा मुलगा १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याच्या नजरेत कामगार नसून प्रशिक्षणार्थी आहे, त्यामुळे या कायद्याखालील शिकाऊंना भविष्य निर्वाह निधीही लागू होत नाही. श्रमशक्ती सर्वेक्षणात मात्र विद्यावेतन घेणारा शिकाऊ नियमित पगारदारांच्या गटात मोजला जातो. एकच व्यक्ती एका वहीत नियमित नोकरदार, दुसऱ्या वहीत कामगारच नाही आणि तिसऱ्या वहीत गैरहजर. शिकाऊ उमेदवारीचा काळ संपल्यावर तिचे काय झाले, हे या तीनपैकी एकही वही तिच्या नावाने सांगत नाही.

२०२४ मध्ये राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी उत्तीर्ण उमेदवाराला महिना सहा हजार, आयटीआय किंवा पदविकाधारकाला आठ हजार आणि पदवीधराला दहा हजार रुपये विद्यावेतन, मुदत सहा महिने, आणि पुढे ती आणखी पाच महिन्यांनी वाढवण्यात आली. अभ्यासिकेतल्या एका मुलीचा अर्ज मी भरून दिला होता. तिने एका सरकारी कार्यालयात आवक-जावक नोंदवही, जुन्या फायलींची यादी आणि संगणकावरची नोंद इतके सगळे शिकून घेतले, आणि तिच्या भाड्याचा प्रश्नही त्या काळात मिटला. म्हणून ही योजना निरुपयोगी होती असे मी म्हणणार नाही. पण मुदत संपल्यावर तिच्या हातात प्रमाणपत्र आले, आणि त्यानंतर ‘तू आता काय करतेस’ असे तिला कुणी विचारले नाही. अकरा महिने जिच्यावर सार्वजनिक पैसा खर्च झाला तिच्याकडे वर्षभराने एक दूरध्वनी जाणे मुळीच अशक्य नव्हते.

केंद्राची नवी प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना या बाबतीत थोडी पुढे गेली आहे, हे मान्य केले पाहिजे. १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात निर्माण होणाऱ्या नोकऱ्यांसाठी असलेल्या या योजनेत, पहिल्यांदाच निधीचा सभासद होणाऱ्याला पंधरा हजार रुपयांपर्यंतची रक्कम दोन हप्त्यांत मिळते, पहिला हप्ता सहा महिने नोकरी टिकल्यावर आणि दुसरा बारा महिन्यांनी. मालकाला मिळणारे अनुदानही नोकरी किमान सहा महिने टिकण्याशी जोडलेले आहे. म्हणजे पैसा टिकलेल्या नोकरीसाठी मोजला जातो, निव्वळ भरतीसाठी नाही. तरीही निधीच्या कक्षेबाहेर असलेला माणूस इथे पोहोचत नाही, आणि वारज्याच्या मजूर अड्ड्यावर सकाळी सातला उभा राहणारा गवंडी त्याच कक्षेबाहेर आहे. त्याला बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करायची तर वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. रोज नव्या मालकाकडे जाणाऱ्याने तो कुणाकडून आणायचा?

महाराष्ट्राला हे कोडे नवे नाही, आणि त्याचे एक उत्तर याच राज्याने दिले होते. १९७२ च्या दुष्काळात, विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजना मोठ्या प्रमाणावर राबवली गेली, तिचा कायदा १९७७ चा, आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. शहरातील नोकरदारांच्या पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर या योजनेसाठी सुरू झाला होता, हे आज पगाराच्या चिठ्ठीवर ते दोनशे रुपये पाहणाऱ्या अनेकांना माहीत नसते. या योजनेचे मला सर्वांत मोलाचे वाटते ते असे की मजुराने कामाची मागणी नोंदवली की ती नोंदच शासनावर बंधन होई, आणि ठरलेल्या मुदतीत काम दिले नाही तर बेकारी भत्ता द्यावा लागे. अंमलबजावणीत त्रुटी खूप राहिल्या, भत्ता प्रत्यक्षात फार थोड्यांना मिळाला, तरी तत्त्व स्पष्ट होते. शहरातल्या आपल्या नोंदणीला असे कोणतेही बंधन जोडलेले नाही. महास्वयम् वर नाव घातल्यावर अमुक दिवसांत कुणीतरी उत्तर द्यायलाच हवे, निदान एक मुलाखत, एक समुपदेशन, एक लेखी नकार, असे ठरले तर त्या यादीतली शिळी नावेही आपोआप गळतील.

पुण्यात हे करून पाहणे कठीण नाही. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी १९३६-३७ मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्थेतून या शहराची घरोघर जाऊन पाहणी केली होती, आणि तेव्हा संगणक नव्हता. आज प्रत्येक आयटीआयने आपल्या उत्तीर्ण विद्यार्थ्यांची सहा आणि बारा महिन्यांनंतरची स्थिती, व्यवसायनिहाय आणि नावे वगळून, दर्शनी फलकावर लावली तरी प्रवेश घेणाऱ्या मुलीला कातारी घ्यावे की वीजतंत्री हे शेजाऱ्याच्या ऐकीव माहितीवर ठरवावे लागणार नाही.

एक गोष्ट आपल्याही हातात आहे. सर्वेक्षणाचे क्षेत्रीय कर्मचारी टॅब घेऊन बाणेर, खराडी, हिंजवडीकडच्या सोसायट्यांत जातात तेव्हा त्यांना फाटकावरूनच परत पाठवले जाते, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. सांख्यिकी संकलन कायदा, २००८ नुसार दिलेली वैयक्तिक माहिती गोपनीय ठेवली जाते आणि तिचा वापर फक्त आकडेवारीसाठी होतो. तेव्हा ज्या कुणाच्या सोसायटीच्या समितीत ओळख असेल, त्यांनी ओळखपत्र पाहून या कर्मचाऱ्यांना आत सोडावे एवढी सूचना सुरक्षारक्षकांना लेखी द्यायला सांगावी, आणि आपल्याच घराची निवड झाली तर घरात शिकवणी घेणारी सून, डबे करून देणाऱ्या सासूबाई आणि सहा महिन्यांपासून घरी बसलेला अभियंता मुलगा, या तिघांचीही माहिती जशी आहे तशी सांगावी.